माप कॅमेऱ्यानं घेतात, तर मुलगी मेण का कोरते?

प्रश्न : माझी मुलगी मुंबईच्या एका दंत महाविद्यालयात बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळची बदलापूर लोकल पकडून जाते आणि संध्याकाळी ॲप्रनवर प्लास्टरचे डाग घेऊन येते. रात्री जेवणं झाली की टेबलावर स्पिरिटचा दिवा लावून मेणात दात बसवत असते. गेल्या महिन्यात उल्हासनगरला माझ्या सासूबाईंच्या दाढेवर कॅप बसवली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तोंडात पेस्ट भरलीच नाही. हातात धरायचा एक छोटा कॅमेरा दातांवरून फिरवला, समोरच्या स्क्रीनवर अख्खी दाढ उमटली आणि चार दिवसांत कॅप बसली. माझे मिस्टर अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत सीएनसीवर आहेत. ते म्हणतात, ड्रॉइंग झालं की पुढचं सगळं मशीन करतं, मग मेणात हात घालायचा कशाला? मुलीला विचारलं, तुला तो स्कॅनर चालवता येतो का? तर म्हणाली, "माहीत आहे, पण हात लावलेला नाही." कॉलेजात अजून जुनंच शिकवतात का? उद्या दवाखाना काढल्यावर हिची पंचाईत तर होणार नाही ना?
– एक आई, कुळगाव-बदलापूर

उत्तर : ताई, ज्यांच्या तोंडात कॅप बसली त्या सासूबाई, ते काम शिकणारी मुलगी आणि तशाच जातीचं यंत्र रोज चालवणारे मिस्टर, असे तिघेही तुमच्याच घरात आहेत. त्यामुळे समजावून सांगणं मला सोपं जाणार आहे. तुमची शंका अशी, की दवाखान्यात काम कॅमेऱ्यावर आणि कॉम्प्युटरवर चाललंय, कॉलेजात मात्र प्लास्टर आणि मेण, मग या दोन्हींचा मेळ बसायचा कसा? मुलगी आज शिकते आहे ते वाया जाणारं नाही. पण तिला स्कॅनर हाताळायला मिळत नाही, हेही योग्य नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. पेस्ट भरून माप घेतलं म्हणजे काम जुन्या पद्धतीचं आणि कॅमेरा फिरवला म्हणजे नव्या, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. कित्येक दवाखान्यांत आजही माप सिलिकॉनच्या पुटीनं किंवा अल्जिनेटनं घेतात. लॅबचा माणूस येऊन ते घेऊन जातो. लॅबमध्ये त्यात स्टोन, म्हणजे कडक जातीचं प्लास्टर, ओतून दातांचं मॉडेल काढतात आणि ते टेबलावरच्या स्कॅनरखाली ठेवतात. तिथून पुढचं सगळं काम कॉम्प्युटरवर होतं. झिरकोनियाची पांढरी कॅप तर दुसऱ्या रीतीनं होतच नाही, कारण झिरकोनिया सोन्यासारखं वितळवून साच्यात ओतता येत नाही. ते मशीनवर कोरूनच काढावं लागतं. पोर्सिलिन चढवलेल्या कॅपच्या आतलं धातूचं टोपणसुद्धा आता अनेक लॅबमध्ये कोबाल्ट-क्रोमची पूड लेसरनं थरावर थर वितळवून घडवतात. बिलावर 'डीएमएलएस' लिहिलेलं असतं ते हेच. त्यामुळे तुमच्या इमारतीत झिरकोनियाची कॅप बसवलेले जे कोणी असतील, त्यांचं माप पेस्टनं घेतलेलं असलं तरी कॅप डिजिटल पद्धतीनंच झाली आहे.

हे तंत्र कालपरवाचंही नाही. फ्रान्समधल्या फ्रान्स्वा द्युरे यांनी दातांचं माप प्रकाशाच्या साहाय्यानं घेण्याची कल्पना १९७३ साली आपल्या प्रबंधात मांडली. पुढे झुरिक विद्यापीठातले दंतवैद्य व्हर्नर म्योरमान आणि इंजिनिअर मार्को ब्रान्देस्तिनी यांनी खुर्चीशेजारी ठेवता येईल असं यंत्र बनवलं. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांनी त्या यंत्रावर कोरलेलं सिरॅमिकचं भरण पहिल्यांदा रुग्णाच्या दातात बसवलं. त्या पहिल्या यंत्राला भरणाची आतली बाजू कोरता यायची, पण चावण्याचा पृष्ठभाग, त्यावरचे उंचवटे आणि खाचा डॉक्टरांना स्वतः घासून आणाव्या लागत. म्हणजे ज्याला दाताचा आकार हातानं घडवता येत नव्हता, त्याला ते नवंकोरं यंत्र असूनही काम पुरं करता आलं नसतं. तुमची मुलगी मेणात जे कोरते, ते हेच उंचवटे आणि याच खाचा.

आता सासूबाईंच्या दाढेकडे येऊ. कॅमेरा फिरवण्याच्या आधी डॉक्टरांनी ती दाढ चहूबाजूंनी घासून लहान केली असणार, कारण कॅपच्या जाडीइतकी जागा करावी लागते. ही घासणी हातातल्या टर्बाइननं होते आणि तिच्यात कॉम्प्युटर काहीच मदत करत नाही. दाढेच्या बुडाशी, हिरडीजवळ, घासलेला भाग संपून न घासलेला सुरू होतो तिथे सगळीकडून एक स्पष्ट कड ठेवावी लागते. तिला मार्जिन म्हणतात. कॅपचा काठ या कडेवर नेमका टेकायला हवा. मग हिरडी बाजूला सारण्यासाठी तिच्या आणि दाढेच्या फटीत बारीक दोरा दाबून बसवतात, लाळ आणि रक्त टिपून घेतात आणि त्यानंतर स्कॅनर फिरवतात. स्कॅनर दातावर प्रकाश टाकून पाठोपाठ भराभर प्रतिमा घेतो आणि एकमेकींवर आलेल्या भागांवरून त्या जुळवत जातो. शेवटी तयार होते ती असंख्य छोट्या त्रिकोणांनी बनलेल्या पृष्ठभागाची फाइल. लॅबकडे ती बहुधा एसटीएल या प्रकारात जाते. त्या त्रिकोणांमध्ये दात कुठला आणि हिरडी कुठली हे लिहिलेलं नसतं. ते बघणाऱ्याला ओळखावं लागतं.

सगळं अडतं ते इथेच. हिरडीची एक बारीकशी घडी मार्जिनवर आलेली असली किंवा रक्ताचा थेंब चमकला, तर स्क्रीनवर ती कड तिथे धूसर होते, लाटेसारखी वर-खाली होते किंवा तुटते. सॉफ्टवेअर स्वतःहून मार्जिनची रेघ आखून देतं आणि ती बऱ्याचदा ठीकही असते. पण अशा जागी ती घसरून हिरडीवर जाते. ज्याला मार्जिन ओळखता येत नाही तो 'ओके' दाबतो. कॅप तयार होऊन येते, बसते आणि दिसतेही छान. मात्र त्या एका जागी काठ आखूड राहतो किंवा बाहेर डोकावतो. काही महिन्यांनी तिथे अन्न अडकायला लागतं, ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं आणि आत दाढ किडू लागते. ही फट किती असली तर चालते? मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोघांनी हजाराहून अधिक कॅप आणि भरणं पाच वर्षं अभ्यासून १९७१ साली १२० मायक्रॉनची मर्यादा सुचवली. दंतवैद्य अजून तीच आधाराला घेतात. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग.

प्लास्टरच्या मॉडेलवर मुलगी हीच कड शोधायला शिकते. लाल पेन्सिलीनं ती आखायची, तिच्याखालचं प्लास्टर खरवडायचं, भिंगातून बघायचं. माप घेतल्यावर अल्जिनेट जरा जास्त वेळ तसंच ठेवलं तर त्यातलं पाणी उडून ते आकसतं आणि मॉडेल खोटं निघतं, हेही तिला दोनचार मॉडेलं वाया गेल्यावर कळतं. माप, मॉडेल, मेण, ओतकाम, घासकाम या प्रत्येक टप्प्यावर चूक कशी शिरते आणि पुढच्या टप्प्यात कशी वाढते, हे हातानं केल्यावाचून कळत नाही. स्कॅनर यातले काही टप्पे वगळतो. जे उरतात त्यातली चूक पकडायला तीच नजर लागते.

तुमचे मिस्टर म्हणतात ते निम्मं बरोबर आहे, आणि उरलेलं निम्मं त्यांच्याच अनुभवातून त्यांना चटकन पटेल. लॅबमधलं मिलिंग मशीन हे छोटं सीएनसीच असतं. झिरकोनियाची तबकडी सुमारे ९८ मिलिमीटर व्यासाची असते आणि त्या अवस्थेत खडूइतकी मऊ, म्हणून ती लवकर कोरता येते. कोरलेली कॅप मग भट्टीत दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. तिथे ती कडक होते आणि साधारण वीस ते पंचवीस टक्के आकसते. म्हणून कोरताना ती तेवढी मोठी कोरायची. किती मोठी, तो आकडा तबकडीवर छापलेला असतो आणि प्रत्येक बॅचचा वेगळा असू शकतो. तो चुकीचा भरला तर ड्रॉइंग कितीही अचूक असलं तरी कॅप बसत नाही.

आता त्यांना एक प्रश्न विचारा. गोल कटरनं आतला कोपरा काटकोनात काढता येतो का? ते हसून नाही म्हणतील. कटरची जितकी त्रिज्या, तितकी गोलाई आतल्या कोपऱ्यात राहणारच. कॅप कोरणारा शेवटचा बारीक कटर एक मिलिमीटरच्या आसपास असतो. डॉक्टरांनी दाढ घासताना वरच्या कडा धारदार ठेवल्या, तर कॅपच्या आत तशी धारदार खोबण कटरला काढता येत नाही. मग सॉफ्टवेअरपुढे एकच उपाय उरतो. तिथे आतून जादा कोरायचं, म्हणजे कॅप निदान खाली बसेल. पण त्या जागी ती आतून पोकळ आणि पातळ होते आणि पकडही सैल पडते. त्यामुळे कॅप मशीनवर होणार असेल तर दाढेच्या कडा गोलसर घासायच्या असा नियमच आहे. मेणाचा नमुना करून धातू ओतायच्या पद्धतीत, जी दंतवैद्यकात १९०७ साली विल्यम टॅगार्ट यांच्यामुळे रूढ झाली, ही अडचण नव्हती. वितळलेला धातू कोपऱ्यात शिरतोच. म्हणजे मशीन आल्यावर हाताच्या कामाची गरज संपली नाही, त्याचे नियम बदलले. तुमच्या मुलीला हा नियम पुस्तकात एका ओळीत भेटेल. वडिलांच्या कारखान्यात एखादा जॉब चालू असताना तिनं तो पाहिला, तर ती तो कधी विसरणार नाही. एखाद्या रविवारी परवानगी काढून तिला घेऊन जायला त्यांना जरूर सांगा.

मिस्टरांच्या कामात आणि या कामात एक मोठा फरकही आहे. त्यांना ड्रॉइंग आयतं मिळतं, त्यावर टॉलरन्स लिहिलेला असतो आणि जॉब बिघडला तर दुसरा लावता येतो. इथे प्रत्येक जॉब जगात एकच असतो आणि त्याचं पहिलं मशिनिंग जिवंत दातावर झालेलं असतं. ते जास्त झालं तर भरून येत नाही.

चावण्याच्या पृष्ठभागाचंही असंच. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार दातांचा संग्रह असतो. त्यातली एक दाढ निवडून घासलेल्या दाढेवर बसवायची आणि समोरच्या दातांशी जुळवायची. ही जुळणी माऊसनं होते. पण जबडा नुसता उघडमीट करत नाही, चावताना तो बाजूला आणि पुढेही सरकतो. त्या वेळी कुठला उंचवटा कुठे घासेल, हे ज्यानं आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारखी हालचाल करणाऱ्या चौकटीवर, एकेक दात मेणात हलवून पाहिलंय त्याला स्क्रीनवर लगेच दिसतं. इतरांना स्क्रीनवर सुंदर दाढ दिसते. ती तोंडात उंच लागते आणि मग डॉक्टर अर्धा तास घासत बसतात. घासलेल्या झिरकोनियाला पुन्हा नीट पॉलिश केलं नाही, तर समोरचा दात झिजतो.

तर मग कॉलेजाचं सगळंच बरोबर आहे का? माझ्या मते नाही. मुलीनं वापरलेले शब्द नेमके आहेत: माहीत आहे, पण हात लावलेला नाही. दंत विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन त्यांना डिजिटल तंत्राची किती ओळख आहे हे पाहणारे अभ्यास भारतात आणि बाहेर बरेच झाले आहेत. त्यांतून साधारण हाच सूर निघतो. नावं ठाऊक असतात, उपयोग सांगता येतात, शिकण्याची इच्छा भरपूर असते, पण प्रत्यक्ष हाताळलेलं थोडं असतं. अशा अभ्यासांचे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'तुम्हाला स्कॅनर माहीत आहे का?' याला हो म्हणणारा विद्यार्थी रीळ पाहून हो म्हणतोय, वर्गातल्या तासावरून म्हणतोय की स्वतः दहा दाढा स्कॅन करून, हे त्या एका 'हो'मधून समजत नाही. ओळख आणि कसब यांत फार अंतर आहे, आणि रुग्णाच्या उपयोगाचं फक्त कसब असतं.

हात का लावायला मिळत नाही, याचं एक कारण अभ्यासक्रमात आहे. बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. अभ्यासाचा सांगाडा भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीतून आलेला आहे. तोंडात फिरवायचा स्कॅनर तेव्हा आपल्याकडे दुर्मीळ होता. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, दुसऱ्या वर्षी प्री-क्लिनिकल प्रॉस्थोमध्ये, म्हणजे कृत्रिम दातांच्या विषयात, पूर्ण कवळीचे दात मेणात बसवायचे, आणि परीक्षेतही हेच. राज्यातली बहुतेक दंत महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. परीक्षेला जे येतं, विद्यार्थी त्याचाच सराव करणार. शिवाय एका वर्गात शंभर मुलं असतात. स्कॅनरला लाखांत पैसे पडतात आणि विभागात तो एखादा असला तर आधी एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करणाऱ्यांच्या हाती जातो, कारण इम्प्लांटच्या आणि अवघड केस त्यांच्याकडे असतात. बीडीएसची मुलं मागे उभी राहून बघतात.

याचा परिणाम गंभीर आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. आपल्या भागात दवाखाने चालवणारे बहुतेक दंतवैद्य नुसते बीडीएस असतात. त्यांनी पदवीनंतर स्कॅनर घेतला, तर तो चालवायला शिकवायला विक्री कंपनीचा माणूस येतो. बटणं कुठली आणि कॅमेरा कुठून कुठे न्यायचा, हे तो चांगलं शिकवतो. पण स्कॅनर केव्हा वापरू नये, कुठलं स्कॅन टाकून देऊन पुन्हा घ्यावं, हे सांगणं त्याचं काम नाही. म्हणजे डॉक्टर ते रुग्णावर शिकतात. हे फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यातल्या प्लास्टिकच्या दातांवर, शिक्षक शेजारी असताना शिकायला हवं. त्यासाठी कॉलेजानं मिलिंग मशीन आणि भट्टी घेण्याचीही गरज नाही. एक स्कॅनर आणि एक चांगला कॉम्प्युटर पुरतो, फाइल लॅबला पाठवता येते. इंटर्नला प्रॉस्थो विभागात दीड महिना मिळतो. तेवढ्यात प्रत्येकानं आधी फँटमवर आणि मग देखरेखीखाली एका रुग्णाचं स्कॅन करणं अवघड नाही. त्याच दाढेचं सिलिकॉननं माप घेऊन दोन्ही शेजारी ठेवून तपासलं, तर महिनाभराच्या व्याख्यानांपेक्षा जास्त शिकणं होईल. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. नवा आयोग अभ्यासक्रम ठरवेल तेव्हा हा सराव ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करावा, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत मुलीनं काय करावं? बसवलेल्या दातांचं एखादं मॉडेल घेऊन ओळखीच्या लॅबमध्ये जावं आणि ते स्कॅन करून द्यायला सांगावं. एसटीएल फाइल उघडणारे मोफत प्रोग्राम आहेत. आपण हातानं बसवलेले दात स्क्रीनवर फिरवून, मोठे करून पाहिले की चुका स्वतःलाच दिसतात. लॅबमधल्या तंत्रज्ञाशी ओळख ठेवावी. डॉक्टरांच्या मापात कुठल्या चुका वारंवार येतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. तिची पंचाईत होणार नाही. बटणं ती आठवड्याभरात शिकेल.

प्रश्न : अंबरनाथला आता सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे. तिथे दातांच्या डॉक्टरचं शिक्षण मिळेल का? माझा नातू बारावीला आहे.
– एक आजोबा, उल्हासनगर-४

उत्तर : आजोबा, ते महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं आणि तिथे एमबीबीएसचं शिक्षण मिळतं. दंतवैद्यकाचं महाविद्यालय वेगळं असतं आणि त्याची पदवीही वेगळी, बीडीएस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दातांचा विभाग असला, तरी तिथे बीडीएस करता येत नाही. प्रवेशपरीक्षा मात्र दोन्हींना एकच, नीट.

दंत महाविद्यालयासाठी इथल्या बऱ्याच मुलांना रोज प्रवास करावा लागतो किंवा वसतिगृहात राहावं लागतं. सरकारी दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, सीएसएमटीला लागून आहे. म्हणजे गाडी न बदलता जाता येतं. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम आहे. तिकडे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं जाता येतं. नातवाला कॉलेज बघायला घेऊन जाल तेव्हा 'तुमच्याकडे स्कॅनर आहे का' असं विचारू नका, हो म्हणतीलच. प्रॉस्थो विभागातल्या एखाद्या इंटर्नला गाठून विचारा, 'तू स्वतः किती स्कॅन केलेस?' त्याचं उत्तर खरं मानावं.

प्रश्न : माझं वय ७१. वरचे-खालचे सगळे दात गेले आहेत. कवळी करायची आहे. स्कॅनरवाला दवाखानाच शोधावा का? शेजारी म्हणतात कॉलेजच्या रुग्णालयात स्वस्तात होते, पण तिथे विद्यार्थी करतात.
– एक वाचक, अंबरनाथ पूर्व

उत्तर : पूर्ण कवळीसाठी स्कॅनर हा निकष धरू नका. एकदोन दातांचं माप स्कॅनर उत्तम घेतो, पण दात नसलेला जबडा त्याला अवघड जातो. कारणं दोन. प्रतिमा एकमेकींशी जुळवायला ठळक खुणा लागतात, त्या गुळगुळीत हिरडीवर फारशा नसतात. आणि कवळी टिकते ती गाल, ओठ आणि जीभ हलताना तिचा काठ कुठवर यावा याच्या अचूक अंदाजावर. तो अंदाज घेण्यासाठी डॉक्टर ट्रेच्या काठाला हिरव्या कांडीचं मऊ केलेलं कंपाउंड लावून तुम्हाला ओठ पुढे काढायला, तोंड मोठं उघडायला, जीभ हलवायला सांगतात. हलती हिरडी आणि स्नायूंचा दाब कॅमेऱ्याला तसा टिपता येत नाही. मिलिंग करून किंवा थ्रीडी प्रिंटिंगनं केलेल्या कवळ्याही आता मिळतात, पण त्यांचंही माप बऱ्याचदा आधी ट्रेनं घेऊन मगच स्कॅन करतात.

विद्यार्थ्यांचं म्हणाल, तर पूर्ण कवळी हे असं काम आहे की ते बीडीएसच्या मुलांकडून खूप घोटून करून घेतलं जातं. प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात आणि पसंत पडल्यावरच पुढचा सुरू होतो. त्यामुळे वेळ लागतो. पहिलं माप, दुसरं माप, जबड्यांचं नातं ठरवणं, मेणातली कवळी तोंडात घालून पाहणं आणि शेवटी बसवणं, अशा निदान पाच खेपा होतात आणि नंतर टोचतं-बोचतं ते घासून घ्यायला एकदोन. अंबरनाथहून सकाळच्या गर्दीत एवढ्या फेऱ्या झेपणार असतील तर खुशाल जा. झेपत नसतील तर जवळचा असा दवाखाना बघा जिथे डॉक्टर दोन मापं घेतात, एकाच मापावर भागवत नाहीत.

जुनी कवळी असेल तर सैल असली तरी सोबत न्या, तुम्हाला उंचीची सवय कुठली आहे ते तिच्यावरून कळतं. दात असतानाचा हसरा फोटो असेल तर तोही न्या. आणि मेणातली कवळी तोंडात घालतील त्या दिवशी घाई करू नका. आरसा मागा, घरच्या कोणाला तरी सोबत ठेवा, साठ-सत्तर असे आकडे मोठ्यानं म्हणा, फणस, वांगी असे शब्द म्हणून पाहा. 'स' म्हणताना शीळ वाजली, 'फ'ला ओठ अडखळला, समोरचे दात फार पुढे किंवा फार लहान वाटले, तर तेव्हाच सांगा. मेण आहे तोवर दात हवा तसा सरकवता येतो. एकदा ॲक्रिलिक झालं की तो हलत नाही, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.